बागेला भेट, की दिवाणखान्याला?

चवथीची माटोळी उतरली की गोव्यात भेटींचा हंगाम सुरू होतो. दसरा, दिवाळी, तुळशीचे लग्न, नाताळ, नवे वर्ष असा तो थेट जानेवारीपर्यंत चालतो. या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आता मोबाईलवरून एक यादी हमखास फिरते, "तुमच्या बागप्रेमी मित्राला काय भेट द्याल?" यादीत काय असणार हे आता पाठ झाले आहे. रंगीत पत्र्याची छोटी झारी. "हॅपी गार्डन" असे लिहिलेली चिनी मातीची कुंडी. फुलाफुलांचे हातमोजे. लाल फीत बांधलेला लकी बांबू. आणि एका सुबक पेटीत ठेवलेली खुरपी, काटा आणि कातर, तीही एकाच रंगाची.

वाचकहो, मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला सरकारी कारकून आहे. पण गेली अनेक वर्षे भेटी देऊन, घेऊन आणि दुसऱ्यांना दिलेल्या भेटींची वाट लागलेली पाहून माझे एक मत झाले आहे, आणि ते आज स्पष्ट लिहिणार आहे. या यादीतल्या बहुतेक वस्तू बागेसाठी नसतातच. त्या दिवाणखान्यासाठी असतात. देणाऱ्याने त्या माणसाचे कपाट पाहिलेले असते, त्याची माती पाहिलेली नसते. ज्याचे झाडांवर प्रेम आहे त्याला अशी वस्तू देणे म्हणजे, "तुझे प्रेम मला शोभेची गोष्ट वाटते," असे त्याला तोंडावर सांगणे आहे.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. हा गुन्हा मी स्वतः चौदा वर्षे केला. तीच हकीकत आधी सांगतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाय म्हणतो, धारवाडजवळ बेलूरला राहते. बेलूर म्हटल्यावर कुणाला हासन जिल्ह्यातले होयसळांचे देऊळ आठवेल. ते बेलूर वेगळे. हे बेलूर म्हणजे पुणे-बंगळूर महामार्गावर धारवाडच्या अलीकडे लागणारी औद्योगिक वसाहत. चोर्ला घाट चढून बेळगावहून जाणाऱ्या गोवेकराला धारवाड शहराच्या आधी हीच लागते. आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना धारवाड म्हणजे जी. ए. कुलकर्णींचे गाव, इतरांना पेढ्यांचे. बेलूरला मात्र जी. ए. नाहीत आणि पेढेही नाहीत. कारखान्यांची पत्र्याची छपरे, ट्रक, धूळ. जवळच कर्नाटक उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, ते २००८ मध्ये सुरू झाले. आणि तिथेच जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे, जिला सगळे 'वाल्मी' म्हणतात. २०१६ मध्ये धारवाडची आयआयटी सुरू झाली ती याच वाल्मीच्या आवारात, २०२३ मध्ये स्वतःची नवी वास्तू होईपर्यंत. म्हणजे पाहा, जिथे पाणी आणि माती कशी राखावी हे शिकवणारी संस्था आहे, त्याच गावात दर दिवाळीला मी मातीचा काडीचाही विचार न करता भेट घेऊन जात होतो.

भावोजी तिथल्या एका कारखान्यात आहेत. भाड्याचे घर, मागे पाच-सहा खाटा मावतील एवढी जागा. बाय गेली तेव्हा तिथे विटांचे तुकडे आणि काँग्रेस गवत होते. आज तिथे कढीपत्ता आहे, डाळिंब आहे, दोन पपया, मोगरा, गुलाब, मिरची, वांगी, आणि कुंपणाच्या कडेने आबोलीची रांग आहे. हे सगळे तिने चौदा वर्षांत एकटीने केले.

आणि मी या चौदा वर्षांत तिला काय दिले? भिंतीवर टांगायच्या तीन कुंड्या दिल्या, ज्यांना भोकेच नव्हती. त्यांत लावलेली रोपे पहिल्याच पावसात कुजली. एक लकी बांबू दिला. हा बांबू मुळात बांबूच नव्हे, तो आफ्रिकेतला ड्रॅसिना. नशिबाचे म्हणाल तर तो त्याचे स्वतःचेही उजळू शकला नाही. एकदा मोठ्या हौसेने आमच्या वाड्यावरचे नीरफणसाचे रोप नेले. त्याला आमच्यासारखी दमट हवा लागते. बेलूरच्या कोरड्या वाऱ्यात आणि डिसेंबरच्या थंडीत ते जानेवारीही पाहू शकले नाही. बायने महिनाभर त्याला गोणपाट गुंडाळले, रात्री आडोसा केला, आणि ते मेले तेव्हा तिलाच अपराध्यासारखे वाटले. भेट माझी, आणि मरणाचे पाप तिच्या माथी.

एका दिवाळीला मी ती सुबक पेटी नेली. अठराशे रुपयांची. लाकडी मुठी, चामड्याच्या वाद्या. बायने ती उघडली, छान आहे म्हणाली, आणि मी आग्रह केला म्हणून खुरपी घेऊन मागे गेली. पाऊस थांबून दिवस झाले होते. काळी माती वरून दगडासारखी झाली होती. तिने खुरपी टेकवून जोर दिला, आणि खुरपीची मान वाकली. बाय हसून म्हणाली, "बाबू, ही माती आहे रे, श्रीखंड नव्हे!"

ती हसली, पण मला काही हसू आले नाही. त्या रात्री प्रथमच मी तिला विचारले, "बाय, तुला खरोखर काय हवे असते ते तरी सांग." चौदा वर्षांत हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. तिला विचार करावा लागला नाही. यादी तयारच होती, फक्त मागायला कुणी नव्हते. चांगल्या कुजलेल्या शेणखताची अर्धी ट्रॉली. डाळिंबाच्या आणि गुलाबाच्या भोवतीची माती एकदा खोल खणून द्यायला कुणीतरी मजबूत माणूस. धार लावलेली पहार. आणि मे महिन्यात ती गोव्याला येते तेव्हा आठ दिवस झाडांना पाणी घालील असा भरवशाचा माणूस. "यातले एक जरी दिलेस ना," ती म्हणाली, "तर पुढची दहा वर्षे काही नको."

या यादीतली एकही वस्तू भेटवस्तूंच्या दुकानात मिळत नाही, हे लक्षात घ्या. एकीलाही चकचकीत कागद गुंडाळता येत नाही. आणि एकही वस्तू तिची माती पाहिल्याशिवाय सुचत नाही.

मातीबद्दल दोन शब्द इथे लिहायला हवेत, कारण सगळे भांडण तिथेच आहे. आमची गोव्याची माती बहुतेक जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिच्यावर कोसळतो आणि तिच्यातले सत्त्व धुऊन नेतो. म्हणून ती आंबट, तांबडी, लोहाने भरलेली आणि भुकेली. तिच्यात पाणी थांबत नाही. धारवाडचा पाऊस सुमारे आठशे मिलिमीटर, म्हणजे आमच्या पाव हिश्श्याच्या थोडा वर. तिथे पश्चिमेकडून मलनाडाची तांबडी माती संपत येते आणि पूर्वेकडची काळी सुरू होते. बायच्या अंगणात काळी आहे. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. ओली असताना पायाला चिकटते, सुकली की कुदळ उडते. या दोहोंच्या मध्ये काही दिवस असे येतात की ती हाताला येते. शेतकरी त्याला वाफसा म्हणतो. बागवाल्याचे सगळे कॅलेंडर त्या वाफशावर चालते. बाजारातली भेटीची यादी मात्र मुंबई, पणजी, बेलूर, लंडन सगळीकडे एकच. तिला पाऊस नाही, माती नाही, वाफसा नाही. तिला फक्त दिवाळी आणि नाताळ कळतात.

दुसऱ्या दिवशी भावोजी आणि मी जवळच्या खेड्यातून शेणखत आणले. ताजे शेण नव्हे, वर्षभर कुजलेले, हातात घेतले तर चहाच्या पुडीसारखे मोकळे होणारे. ताजे घातले तर मुळे जळतात, हेही मला बायनेच सांगितले. शेजाऱ्यांकडून पहार आणली आणि आधल्या रात्री पाणी सोडून ठेवलेली माती दोन दिवस खणली. टेबलावर बसून टाचण्या टोचणाऱ्या माझ्या हातांना दहा फोड आले. सगळा खर्च त्या पेटीच्या निम्म्याहून कमी. बाय संध्याकाळी पायरीवर बसून नुसती त्या खणलेल्या मातीकडे पाहत होती. तिला पैठणी दिली असती तरी तिने एवढे पाहिले नसते.

आता घरची गोष्ट बाजूला ठेवून दारची सांगतो. कारण हा रोग फक्त माझ्यासारख्या भाबड्या भावांना झालेला नाही. तो सरकारलाही झाला आहे, आणि सरकारी खर्चाने झाला आहे.

पूर्वी कार्यक्रमात पाहुण्याला पुष्पगुच्छ देत. मग कुणीतरी म्हणाले की फुले वाया जातात. शेजारच्या कर्नाटकात ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सरकारी कार्यक्रमांतले हार, गुच्छ, फळांच्या करंड्या आणि शाली बंद करून त्याऐवजी कन्नड पुस्तके द्यावीत असा आदेश काढला. २०२३ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर सिद्धरामय्यांनीही आपल्याला हारतुरे नकोत, पुस्तके द्या असे सांगितले. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. पुस्तक कोपऱ्यात पडले तरी मरत नाही. मात्र २०२१ च्या आदेशावर फूल उत्पादकांनी नाराजी दाखवली होती, तीही समजण्यासारखी आहे. गुच्छामागे कुणाची तरी शेती असते, कुणीतरी पहाटे उठून ती फुले तोडलेली असतात.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्या फॅशनबद्दल, जी आमच्याकडे फार जोरात आहे. "पुष्पगुच्छाऐवजी रोपटे देऊन पाहुण्यांचे स्वागत." निवेदिका हे वाक्य म्हणते तेव्हा टाळ्याही पडतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतले रोप, वरून सोनेरी कागद. पाहुणा ते दोन्ही हातांनी धरतो, फोटो निघतो, रोप मागच्या टेबलावर जाते. पुढे काय होते ते निवेदिका सांगत नाही. ते मी सांगतो, कारण टेबले आवरण्याचे काम आमच्याच वाट्याला येते. एका कार्यक्रमात अकरा रोपे दिली गेली. संध्याकाळी सात रोपे टेबलाखालीच होती. चार गाडीत गेली, त्यांतली दोन दुसऱ्या दिवशी चालकाने परत आणून ठेवली, कारण साहेबांच्या गाडीत माती सांडली होती. महिन्याने मी पाहिले. आमच्याकडच्या नऊपैकी दोन जिवंत होती, ती आमच्या शिपायाने घरी नेली होती म्हणून. बाकीची जिन्याखाली सोनेरी कागदासकट वाळून उभी होती.

फुलाच्या बाबतीत निदान फसवणूक नव्हती. ते संध्याकाळी कोमेजणार हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही ठाऊक होते. रोपट्याला आपण जगण्याचे वचन देतो आणि जिन्याखाली ठेवतो. कुत्र्याचे पिल्लू आपण कुणाला न विचारता देतो का? "घरात जागा आहे का, बघायला कुणी आहे का," हे आधी विचारतोच ना? झाडालाही निदान पहिले दोन-तीन उन्हाळे रोजचे पाणी लागते, गुरांपासून राखण लागते. मग न विचारता रोप हातात देणे ही भेट कशी? ती दुसऱ्याच्या गळ्यात घातलेली जबाबदारी झाली, आणि पुण्य मात्र आपल्या खात्यावर.

वनमहोत्सव या देशात १९५० पासून चालू आहे. के. एम. मुन्शी तेव्हा केंद्रात मंत्री होते, त्यांनी तो सुरू केला. ५ जून २०२४ ला 'एक पेड माँ के नाम' ही मोहीम निघाली. हेतू वाईट नाही. पण रोपे किती लावली हा आकडा दरवर्षी छापून येतो, तसा मागच्या वर्षीची किती जगली हा आकडा त्याच ठळक अक्षरांत छापून आलेला मी पाहिलेला नाही. आणि आम्हा गोवेकरांचे झाडांवरचे प्रेम तर काय विचारता! २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आम्ही माडाला झाडांच्या यादीतून काढले. ज्याच्या सावलीत अख्खा गोवा वाढला ते झाडच नव्हे, असे ठरले. पुढल्या वर्षी, २०१७ मध्ये, तो पुन्हा झाड झाला. माड बिचारा दोन्ही वर्षे जागच्या जागीच उभा होता.

यावर मला दोन उत्तरे मिळतात, ती इथेच घेतो.

पहिले उत्तर, "अहो, वस्तू महत्त्वाची नाही, भावना महत्त्वाची." मान्य. पण भावना पोहोचायला पत्ता लागतो. पाकिटावर पत्ताच लिहिला नाही तर आतले पत्र कितीही सुंदर असो, ते पडून राहते. बागवाल्याचा पत्ता म्हणजे त्याची माती, त्याचे ऊन, त्याचे पाणी आणि त्याची दुखणारी कंबर. तो न विचारता भावना पाठवणे म्हणजे भावना स्वतःपाशीच ठेवणे.

दुसरे उत्तर, "तुम्ही जुन्या काळात रमता. आता सगळे फ्लॅटमध्ये राहतात." हेही मान्य. पण जुन्या काळातून मला शेणाचा सडा परत आणायचा नाही. तिथून घेण्यासारखी एक रीत आहे, ती तेवढी सांगतो.

आपल्याकडे झाडे भेट देण्याची पद्धत नव्हती असे कुणी समजू नये. ती इतकी होती की तिला भेट असे नावच नव्हते. चवथीला माहेराहून लेकीच्या सासरी ओझे जाते, त्यात नारळ, केळी, भाजी असते. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नेवऱ्या आणि दोदोलची कोन्सोआद येते. ही झाली दिसणारी भेट. पण तीच ताटली परत जाताना तिच्यात कधी मिरचीची दहा रोपे असत, कधी केळीचा कोंब, कधी भेंडीच्या बिया. आमची आजी काकडीच्या बिया राखेत घोळवून शेणाबरोबर भिंतीला थापायची. मिरग जवळ आला की शेजारणी त्यातला हिस्सा न्यायला येत. आजी बी देताना नुसते बी देत नसे. कधी लावायचे, किती खोल, कुठल्या बाजूला ऊन हवे, हे सगळे सांगायची, आणि श्रावणात स्वतः जाऊन वेल कुठवर चढला ते बघून यायची. बियांबरोबर तिची नजरही त्या परसात जायची. माटोळी पाहा. आंबाडे, तोरिंग, कांगणे, घागऱ्या, सुपारीचे घोस हे सगळे एका घरच्या परसात कधीच मिळत नाही. कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत पहिले येणाऱ्यालाही कुणाच्या तरी कुळागरात जावे लागते, कुणाशी तरी बोलावे लागते. माटोळी ही गावभरच्या बागांची ओळखपरेड असते.

आणि एवढे तरी आठवू या की आपल्या परसातले अर्धे पाहुणे हातोहात आलेले आहेत. काजू, अननस, पपई, पेरू, मिरची ही सगळी अमेरिकेकडची. ती पोर्तुगीज काळात समुद्रावरून आली आणि आपल्या कुळागरांत अशी मुरली की आज काजूवाचून गोवा कल्पता येत नाही. गार्सिया द ऑर्ताने इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापून घेतला, आणि पणजीची नगरपालिकेची बाग आज त्याच्या नावाने आहे. चांगला मानकुराद तर कोय पुरून हमखास मिळत नाही, त्याला कलमच लागते. म्हणजे तुमच्या दारातला मानकुराद ही कुणीतरी कुणासाठी बसून, फांदी निवडून, बांधून, पाणी घालून दिलेली वस्तू असते. दिखाऊ पेटीतल्या खुरपीच्या मागे असा कुणी माणूस असतो का?

उलट आज आपण काय करतो? नारळाची सोडणे बंबात जाळतो, आणि त्याच सोडणाचा भुसा दाबून केलेली वीट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, बाहेरगावाहून आलेली, शंभर-दीडशे रुपयांना बागप्रेमी मित्रासाठी विकत आणतो. याला हसावे की रडावे?

आता फ्लॅटवाल्यांसाठी. पाच किलो गांडूळखत द्या. एक चांगली, महाग आणि रंगाने अगदी सामान्य कातर द्या, जी दहा वर्षे टिकेल. पेटीतल्या तीन फालतू हत्यारांपेक्षा एक बरे. तळाला भोके असलेल्या साध्या मातीच्या कुंड्या द्या, आणि त्या तिसऱ्या मजल्यावर स्वतः उचलून न्या. पावसाच्या आधी एक रविवार द्या आणि जुन्या कुंड्यांतली माती बदलून द्या. मित्र नाताळात गावी जाणार असेल तर किल्ली मागून घ्या आणि रोज पाणी घाला. यापेक्षा मोठी भेट बागवाल्याला कुणी देऊ शकत नाही, कारण प्रत्येक बागवाला प्रवासात अर्धा घरीच असतो. रोपच द्यायचे असेल तर विचारून, आणि जाणत्या ठिकाणाहून. आपल्याकडे जुने गोव्यात एळा येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. काजूचे कलम हवे तर वेंगुर्ल्याच्या जातींचे नाव उगाच झालेले नाही. धारवाडचे कृषी विद्यापीठ १९८६ चे. तिथे दरवर्षी कृषी मेळा भरतो, आणि बाय तिथून बियाणे आणते. दहा रुपयांच्या पुडीसाठी ती रांगेत उभी राहते. त्या रांगेत मी एकदा तिच्यासाठी उभा राहिलो असतो तर? पण मी दुकानात लकी बांबूला फीत बांधून घेत होतो.

राहिली एक गोष्ट, जी लिहायला मला जड जाते. पण ती लिहिली नाही तर वरचे सगळे उपदेश खोटे ठरतील.

भावोजी पुढल्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. भाड्याचे घर सोडून ती दोघे गोव्याला परत येणार. म्हणजे डाळिंब, कढीपत्ता, चौदा वर्षे शेणखत घालून मऊ केलेली ती माती, सगळे तिथेच राहणार. घरमालकाला तिथे गाड्या ठेवायला जागा करायची आहे म्हणे. माती खणून दिली त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हते. बायला ठाऊक होते. तरीही तिला खणून हवी होती. एका हंगामासाठी.

निघताना ती आबोलीच्या रांगेपाशी गेली. सुकलेली बोंडे तोडून तिने जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात भरली. लहानपणी आम्ही ही बोंडे जिभेवर ओली करून तळहातावर ठेवायचो. ओली झाली की ती टच्‌कन फुटतात आणि बिया उडतात. पाकीट माझ्या हातात देत ती म्हणाली, "आईच्या परसातली ती हीच. मी येताना नेली होती. तुझ्याकडे आता नसेल ना?"

नाही. माझ्याकडे नाही. कारण आई गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी आईच्या परसात पेव्हर बसवले. गाडीला जागा हवी होती, पावसात चिखल होत होता, आणि सगळ्यांनीच बसवले होते. आबोली, जायो, मिरची, ओव्याचे झुडूप, सगळे त्या सिमेंटच्या तुकड्यांखाली गेले. ज्या घरमालकाला मी मनातल्या मनात शिव्या देत होतो, त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? त्याने निदान स्वतःच्या आईचे परसू बुजवलेले नाही.

म्हणजे बागप्रेमींना काय भेट द्यावी यावर एवढे लिहिणाऱ्या या गृहस्थाला शेवटी भेट दिली ती बायने. फुकटची, जुन्या पाकिटातली, जिच्याबरोबर तिने विचारलेही, "लावणार कुठे?" खरी भेट अशीच विचारते. दुकानातली पेटी असले काही विचारत नाही, म्हणून आपल्याला ती आवडते.

घरी आल्यावर मी कोपऱ्यातले आठ पेव्हर उचलले. खाली जांभ्याची भुकट आणि खडी. ती काढून टाकली, शेणखत आणून घातले. गाडी थोडी तिरकी लावावी लागते, बायको दोन दिवस बोलली नाही. बिया मिरगाला टाकणार आहे. बाय मार्चमध्ये येईल तेव्हा तिथे फक्त माती असेल, फुले नसतील. पण तिला माती दाखवली की पुरते, हे मला आता कळले आहे.

तेव्हा वाचकहो, येत्या नाताळात किंवा पुढल्या चवथीला कुणा झाडवेड्या माणसाला भेट द्यायची असेल तर दुकानात जाण्याआधी त्याच्या घरी जा. मागच्या दारी जा. चपला काढून त्या मातीत उभे राहा आणि एकच विचारा, "तुला काय हवे आहे?" उत्तर शेणाचे असेल, पाण्याचे असेल, घामाचे असेल. ते देण्याची तयारी नसेल तर सरळ मिठाईचा पुडा द्या. तो निदान कुणाला पाणी मागत नाही.